मुकादमाला विचारा

देवगडकडची मंडळी मला बघायला आली होती. तळेऱ्याला गाडी बदलून, केसांत लाल धूळ भरून घेऊन ती भर दुपारी आमच्या पडवीत टेकली. मी आत आईची हिरवी रेशमी साडी सावरत शिरवाळ्यांच्या, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवयांच्या, वाट्या ताटात मांडत होते. तेवढ्यात पोस्टातला शिपाई दारापुढच्या खळ्यातूनच ओरडला, "बाय आसा काय घरात? तिका मुंबयसून फोन इलो!"

त्या काळी मुंबईहून फोन येण्याचं कारण एकच असायचं. आईने विचारपूस न करता पदर तोंडाला लावला.

"कोण गेला रे?"

"कोण जाऊक नाय," शिपाई म्हणाला. "हिच्या हापिसातलो साहेब आसा. मास्तरांनी तेचो आवाज आयकलो. जितो आसा."

आईने डोळे पुसले, पण तिची खात्री पटली नाही. जिवंत माणूस मालवणला फोन कशाला करील, हे तिला कळेना.

मी तेव्हा मुंबईत एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होते. गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि गिरगावात आत्याकडे राहत होते. कंपनीने यंत्र आणलं, तेव्हा एक परीक्षा घेऊन त्यांनी आम्हा काही जणांना निवडलं. त्यात मी एकटी मुलगी. हे काम काय असतं ते घरी समजावण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. बाबांचं बाजारात सुतळी-दोरखंडाचं दुकान होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'पगार वेळेवर देतत मा?' एवढंच विचारलं. आईने मात्र शेजारणींना सांगायला एक वाक्य ठरवून टाकलं. "मशीन आसा. तां हिशोब करता. आमचा चेडू तेच्याकडे बघता." त्यावरून शेजारणींचा समज झाला होता, की मी मशीनसमोर खुर्ची टाकून दिवसभर त्याला नुसती बघत बसते.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. यंत्राला उकाडा सोसत नसे म्हणून त्याची खोली थंडगार ठेवलेली असायची. मे महिन्यात सगळ्या खात्यांतल्या लोकांना आमच्याकडे काही ना काही काम निघायचं. लोक घामाघूम होऊन आत येत आणि यंत्राकडे मोठ्या आदराने बघत उभे राहत.

यंत्र सुरू केलं की आधी त्यात एक मूळ प्रोग्रॅम जाऊन बसायचा. कोणाचं काम आधी, कुठली टेप कोणाला, छपाई कुठे, ही सगळी व्यवस्था तोच बघायचा. त्याचं इंग्रजी नाव होतं सुपरवायझर. आमचा यंत्र चालवणारा ऑपरेटर गिरणगावातला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मुकादम' करून टाकलं. पुढे आमच्या साहेबांच्याही तोंडी तेच बसलं.

गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणारा आमचा एक मोठा प्रोग्रॅम होता. तो दोन यंत्रांवर चालवावा लागे. आमचं यंत्र बिघडलं, की शेजारच्या एका कंपनीचं मोठं यंत्र आम्ही भाड्याने घ्यायचो. त्या मोठ्या यंत्राच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे गणित करणाऱ्या मुख्य भागात, अपूर्णांकांची गणितं करायची आतूनच सोय होती. आमच्या प्रोसेसरला ती नव्हती. आमच्याकडे तीच गणितं प्रोग्रॅमने शाळेतल्या मुलासारखी एकेक पायरी मांडून करायची. म्हणून काम सुरू करताना आधी कळायला हवं, की आज आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत. ते मुकादमाला विचारायची एक ठरलेली रीत होती. यंत्र बनवणाऱ्यांनी जाड पुस्तकात लिहूनच दिलं होतं: प्रश्न असा विचारा, उत्तर असं येईल. उद्या आम्ही मुकादम बदलू, प्रोसेसर बदलू, पण हा प्रश्न आणि उत्तराची ही तऱ्हा बदलणार नाही.

आता माझ्या वरिष्ठांबद्दल, म्हणजे मी आणि मोठे साहेब यांच्या मधल्या माणसाबद्दल, सांगायला हवं. हुशार माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण मध्ये कोणी उभा राहिला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. कॅन्टीनमध्ये आज भाजी काय, हे त्यांनी पोऱ्याला कधी विचारलं नाही. सरळ मुदपाकखान्यात जाऊन झाकण उचलायचे. बस कुठे जाते ते कंडक्टर सांगत असतानाच पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारायचे. एकदा तर डॉक्टर बोलत असताना त्यांनी त्याच्या हातातून स्वतःच्या फुप्फुसांचा फोटो काढून घेतला आणि उजेडाला धरून "काही नाही, खोकला आहे" असं डॉक्टरलाच सांगितलं. अशा माणसाला मुकादम काय मानवणार!

त्यांनी एक दिवस यंत्राची सगळी स्मरणपेटी, म्हणजे मेमरी, कागदावर छापून घेतली. कागदांचा तो गठ्ठा टेबलावर पसरून आठवडाभर त्यात डोकं घालून बसले. शेवटी प्रोसेसरची माहिती मुकादम नेमकी कोणत्या जागी लिहून ठेवतो ते त्यांनी हुडकून काढलं.

"दरवेळी दारात उभं राहून विचारायचं कशाला?" ते म्हणाले. "फडताळ कुठे आहे ते कळलंय. उघडायचं आणि बघायचं. वेळ वाचतो."

"किती वाचतो?" मी विचारलं.

"मोजता येणार नाही इतका कमी. पण वाचतो."

"आणि उद्या त्यांनी फडताळ हलवलं तर?"

"फडताळ कोण हलवतं हो?" असं म्हणून ते झाकण उचलायला कॅन्टीनकडे निघून गेले.

मला ते पटलं नव्हतं. मी पुस्तकातल्या रीतीने मुकादमाला विचारणारी कार्डं टोचून तयार केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या जाड कार्डांवर असायचा. त्यांनी माझी कार्डं कौतुकाने परत दिली आणि म्हणाले, "हस्तकला छान आहे." मी त्या कार्डांना रबर लावून ती माझ्या खणात टाकली आणि घरून बोलावणं आल्यावर रजा घेऊन बोटीने मालवणला निघून आले.

तर फोन.

पडवीत मुलाचे वडील बसले होते. ते सरकारी कचेरीत जन्मभर काढून निवृत्त झालेले. आमच्याच बाजूचे असून घराबाहेर शुद्ध पुस्तकी मराठीच बोलायचे. ते उठून उभे राहिले. "कार्यालयाचं बोलावणं आहे. आधी ते. दाखवण्याचा कार्यक्रम नंतर होईल. आम्हीही येतो." मुलाने चपला पायात सरकवल्या. तो मघापासून काहीच बोलला नव्हता. वडील निघाले म्हणून तोही निघाला.

म्हणून भर उन्हात आमची वरात निघाली. पुढे शिपाई, मागे रेशमी साडी आणि आईच्या बांगड्या घातलेली मी, मग बाबा, मुलाचे वडील, मुलगा आणि वाटेत जमलेले शेजारी. आई शिरवाळ्यांवर झाकण ठेवायला घरी राहिली. मासळी बाजारावरून जाताना आमची ओळखीची एक म्हातारी मासे विकणारी ओरडली, "इतक्या नटान खंय गो चललंस?"

"फोन आयकूक," शिपायाने परस्पर उत्तर दिलं.

"माका पण आयकूचो आसा," म्हणून तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि तीही निघाली.

पोस्टात मास्तर रिसिव्हर हातात धरून, दुसऱ्या हाताने 'हळू, हळू' अशा खुणा करत बसले होते, जणू काही आमच्या चालण्याने फोन सांडला असता. मी रिसिव्हर कानाला लावला. आत समुद्राची गाज चालू होती आणि त्या गाजेत खूप लांबून कोणीतरी भांडत होतं. मी 'हॅलो' म्हटलं. भांडण तसंच चालू राहिलं.

मग एकदम जवळून बाईचा स्वच्छ आवाज आला. "ताई, मी मधल्या एक्स्चेंजवरची ऑपरेटर बोलतेय. मुंबईला तुमचं ऐकू जात नाही आणि तुम्हाला मुंबईचं. मला दोघांचंही येतंय. तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते."

ही बाई कुठल्या गावी बसली होती, कोल्हापूरला की आणखी कुठे, ते मला कधीच कळलं नाही. पण तिच्याइतकं सरळ काम त्या दिवशी दुसऱ्या कोणीच केलं नाही.

"काय झालंय विचारा," मी ओरडले. तिला ऐकू येत होतं, तरी फोनमध्ये हळू बोलणं मला जमेना.

"तुमचे वरिष्ठ आहेत. ते म्हणतात, मालाचा प्रोग्रॅम पडतोय. एक दिवस चालतो, एक दिवस पडतो. काल छान होता, आज सकाळपासून पुन्हा बंद."

मी ते मोठ्याने म्हणून बघितलं. "एक दिवस बरा, एक दिवस बंद?"

पोस्टमास्तरांनी लगेच मान हलवली. "एकाआड ताप. हिवताप तो. कोयनेल देऊक सांग."

"कोयनेल कडू लागता, गुळातून घेवक सांग," मासेवाली म्हणाली.

मी त्यांना हाताने गप्प करत विचारलं, "मी निघाल्यावर काही बदललं का? नवा मुकादम आला का?"

थोडा वेळ गाज. मग ऑपरेटर म्हणाली, "हो म्हणतात. मागच्या आठवड्यात इंजिनियर येऊन नवा मुकादम बसवून गेला. पण ते म्हणतात, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"आहे! त्यांना म्हणावं, फडताळ हलवलंय! आता त्या जागी भलतंच काहीतरी ठेवलंय! पोटात हात घालून बघू नका, मुकादमाला विचारा!"

माझ्यामागे बाबांनी मुलाच्या वडिलांकडे बघून कसनुसं हसल्याचं मला न बघता कळलं.

"ताई," ऑपरेटर म्हणाली, "सांगितलं. ते म्हणतात, मुकादमाला विचारायची काही गरज नाही. ते स्वतः बघतायत म्हणे. आणि आता मला बाजूला व्हायला सांगतायत. तुमच्याशी थेट बोलायचंय."

"होऊन बघा बाजूला."

ती झाली. पुन्हा गाज आणि गाजेतलं ते भांडण. एक शब्द कळेल तर शपथ. मी रिसिव्हर मास्तरांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून सांगितलं, "बोट लागताना खलाशी ओरडतत, तसा वाटता." वरिष्ठांची दमछाक होईपर्यंत हे चाललं. मग ऑपरेटर पुन्हा आली. "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढवा! वाढवा!" हे मुलाचे वडील म्हणाले. पैसे मुंबईचे होते हे त्यांना सरकारी अनुभवाने कळत होतं.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "माझ्या खणात रबर लावलेली कार्डं आहेत. फडताळ उघडणारी कार्डं काढायची आणि त्या जागी माझी घालायची. दुसरं काही करायचं नाही. आणि म्हणावं, प्रोसेसर कुठला आहे ते मुकादम सांगेल. तो काय सांगतो ते मुकाट्याने ऐकायचं."

ऑपरेटरने ते शब्दन्‌ शब्द पुढे सांगितलं. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, हे तिने मला आधीच कबूल केलं होतं. मध्येच ती मला हळूच म्हणाली, "ऐकत नाहीत हो. जरा रागावून सांगू का?"

"सांगा."

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फक्त शेवटचं "मुकाट्याने!" एवढं आलं. मग ती परत येऊन म्हणाली, "घालतो म्हणाले." आणि फोन बंद झाला.

मी वळले. सगळं पोस्ट माझ्याकडे बघत होतं.

"पोरगो वाचतलो मा?" मासेवालीने विचारलं.

"कोण पोरगा?"

"तापाचो."

मी म्हटलं, वाचेल. तिने समाधानाने टोपली उचलली.

मुलाचे वडील मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. परतीच्या वाटेवर ते बाबांच्या बरोबरीने चालत मोठमोठ्याने बोलू लागले. "मी काय म्हणतो, आजकालच्या पोरांना प्रॉपर चॅनल माहीतच नसतं. कारकुनाला टाळून थेट साहेबाच्या खोलीत घुसतात. आणि ही मुलगी इतक्या लांबून, स्वतःच्या साहेबाला सांगते, मुकादमामार्फत जा! मुकादमामार्फत! शाबास!" बाबांना मुकादम कोण ते माहीत नव्हतं, पण गोष्ट आपल्या फायद्याची चालली आहे हे दुकानदाराला कळतं. ते प्रत्येक वाक्याला "होय तर, होय तर" म्हणत राहिले.

मुलगा माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून चालत होता. घर दिसायला लागलं तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"एक विचारू?"

"विचारा की."

"घरात पण इतक्याच मोठ्यान बोलतास?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. चांगला, घाबरलेला माणूस होता. "फोन नसला तर नाही," मी म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं.

शिरवाळे तोवर फुगून वाटीभर झाले होते. वडिलांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि जाताना आईला म्हणाले, "मला मुलगी पसंत आहे." आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तोच शिपाई तार घेऊन आला. आता आई तारेला भ्याली नाही. मुंबईची माणसं जिवंत असताना काहीही करू शकतात, हे तिने मान्य करून टाकलं होतं. तार इंग्रजीत होती. 'मुकादमाने उत्तर दिलं. सगळं ठीक.' खाली वरिष्ठांचं नाव. तारेत शब्दाला पैसे पडतात, म्हणून असेल, त्यांनी माफी मागितली नव्हती.

मी मुंबईला गेल्यावर खरा उलगडा झाला. नव्या मुकादमात प्रोसेसरची माहिती दुसरीकडे गेली होती आणि त्या जुन्या जागी आता आजची तारीख लिहिली जात होती. आमचा प्रोग्रॅम तारीख वाचून तीच प्रोसेसरची माहिती समजत होता. तिथला आकडा विषम असला तर अपूर्णांकांची सोय आहे, सम असला तर नाही, असा जुना संकेत होता. त्यामुळे विषम तारखेला त्याला वाटे, आपल्या प्रोसेसरला अपूर्णांक येतात. तो प्रोसेसरला ते करायला सांगे आणि प्रोसेसर, न येणारं गणित फळ्यावर आल्यासारखा, जागच्या जागी थांबे. सम तारखेला त्याला आपली पायरी ओळखता येई आणि सगळं सुरळीत चाले. मी नसताना खोलीतल्या लोकांनी यावर आपापले शोध लावले होते. कोणी विजेवर संशय घेतला. आमच्या गिरणगावच्या ऑपरेटरने यंत्रासमोर नारळ फोडला. तो नेमका सम तारखेला फोडल्यामुळे त्याचा गुण आला आणि दुसऱ्या दिवशी तो निष्फळ झाला. मग नारळ कुजका होता का, यावर चर्चा झाली. वरिष्ठांनी छपाईचा नवा गठ्ठा काढून फडताळाचा नवीन पत्ता शोधायलाही सुरुवात केली होती. तो गठ्ठा टेबलावर होता. त्यांनी तो माझ्यादेखत गुंडाळला आणि म्हणाले, "ती फोनवरची बाई फार उद्धट होती."

लग्नाचं काही पुढे आलं नाही. महिन्याभराने मुलाचे वडील एकटेच बाबांच्या दुकानात आले. बराच वेळ दोरखंडाची जाडी बोटांनी तपासत बसले. दोर त्यांना घ्यायचा नव्हता.

"मुलगी मला पसंत होती," शेवटी ते म्हणाले. "अजून आहे. पण आमच्याकडे ह्या गोष्टी मंडळी ठरवतात. मुलाने आईला आधी जाऊन सांगितलं, की पोरगी साहेबावर ओरडते. मला कोणी विचारलंच नाही."

बाबांनी त्यांना चहा पाजला. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं. "माणूस बरो होतो," एवढंच वर म्हणाले. हे सगळं बाबांनीच पुढच्या भेटीत मला सांगितलं. मला वाईट वाटलं ते त्या म्हाताऱ्यांचं. मुलाचं वाटलं असतं, तर मी लपवलं नसतं. त्याला हळू बोलणारी बायको मिळाली असेल, अशी आशा आहे. मी मात्र पुढेही ओरडतच राहिले आणि मला नवरा मिळाला तो कानाने जरा कमी.

वर्षाभराने कंपनीने मोठा प्रोसेसर आणला. त्याच्यात अपूर्णांकांची सोय आतूनच होती. इतर बरेच प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागणार म्हणून सगळे बाह्या सरसावून आले होते. साहेबही खाली आले. आधी मालाचा प्रोग्रॅम लावला. त्याने मुकादमाला विचारलं, मुकादमाने सांगितलं अपूर्णांक येतात, आणि प्रोग्रॅम एकाही कार्डाला हात न लावता सुटला. नेहमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालणारी छपाई चहा यायच्या आत संपली.

कोणीच टाळी वाजवली नाही. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितले. "इतक्या लवकर? काहीतरी राहिलं असणार." वरिष्ठांनाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्या थंडगार खोलीत संध्याकाळपर्यंत कागद-पेन्सिल घेऊन, पोत्यापोत्याचा हिशेब हाताने करून ताळा घेतला. शेवटचं पान वरिष्ठांकडे होतं. त्यांनी ते दोनदा तपासलं, चष्मा काढला आणि एखाद्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "बरोबर आहे."